शेवटच्या पुठ्ठ्यावरची सकाळ

मधूशी भांडायला म्हणून मी धाराशिवहून येडशीच्या एसटीत बसलो होतो, आणि गाडी निम्म्या वाटेवर असताना त्याच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले." शेजारचा माणूस खिडकी लावा म्हणत होता आणि मी ती उगाच पुढे-मागे सरकवत राहिलो... महिना उलटला, तरी ते भांडण डोक्यातून जात नाही.

मधू शाळेत चित्रकला शिकवायचा आणि मुलांच्या एका मासिकासाठी चित्रकथा काढायचा. कथा माझ्या, चित्रं त्याची. त्याचा सगळा जीव एका खास पुठ्ठ्यावर. दिसायला कोरा पांढरा, पण अंगात बारीक रेघा दडवलेल्या. आधी शाईनं चित्र काढायचं, मग सावली हवी तिथं ब्रशनं बाटलीतलं औषध फिरवायचं, की तेवढ्याच जागी तिरप्या रेघा वर यायच्या. दुसऱ्या बाटलीतलं लावलं की आणखी रेघा उमटून सावली दाट व्हायची. आलेली रेघ मात्र परत जात नाही. म्हणून बाटली उघडण्याआधी हा माणूस खोलीभर येरझाऱ्या घालायचा आणि मला छळायचा, "उजेड कुठनं येतोय, ते सांग आधी." मी वैतागायचो. गोष्ट लिहिणाऱ्याला उजेडाची काय पंचाईत?

पुढं तो पुठ्ठा मिळेनासाच झाला. बाकीचे चित्रकार संगणकावर सावल्या भरू लागले. मधूनं उरलेले पुठ्ठे गादीखाली सपाट ठेवून पुरवून पुरवून वापरले. शेवटचा राहिला, तो आम्ही करत असलेल्या एका म्हातारीच्या गोष्टीच्या शेवटच्या पानासाठी. रुसून गेलेल्या मुलाची वाट बघत ती रोज येडशीच्या स्टेशनावर येते. अखेरच्या चित्रात बाकावर एकटी म्हातारी आणि मागं लिंबाचं झाड. मी फोनवर म्हणालो, संध्याकाळ दाखव, लांब सावली, गोष्ट संपली. तो म्हणाला, सकाळ.

"सकाळीबी सावली लांबच पडती की."

"मग वाचणाऱ्या पोरांना फरक काय कळणार?"

"दिस त्या लिंबामागनं उगवतो, इथल्या पोरांना ठाऊक हाय." मग म्हणाला, "संध्याकाळ केली तर ती उठून घरी जाईल रं. सकाळ केली तर दिवसभर थांबंल."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसलो, ती ही एसटी.

परवा वहिनींनी बोलावून घेतलं. शाईनं पुरं झालेलं पान टेबलावर तसंच होतं, सावली एकही नाही. मासिकवाले म्हणत होते, तसंच पाठवा, आम्ही संगणकावर भरू. वहिनींना ते पटेना. "भावजी, तुम्हीच लावा. मी लई डाव म्हणलं त्यांना, करून टाका एकदाचं. तर म्हणले, त्याला येऊ दे, आधी पटवतो त्याला."

माझ्यासाठी थांबला होता तो. हे ऐकल्यावर मला खुर्चीत बसवेना. उठलो, खिडकीशी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. येरझाऱ्या घालतोय हे वहिनींच्या चेहऱ्यावरून कळलं. बाटली उघडली, तो उग्र वास आला, आणि पुठ्ठ्याच्या कडेला थेंब लावून पाहिला. रेघा आल्या.

संध्याकाळ करायची तर सावली लिंबाकडे टाकायची होती. मी तेच ठरवून बसलो होतो, गोष्ट माझी होती. पण ब्रश म्हातारीच्या पायाशी टेकला आणि मी तो लिंबाच्या उलट्या बाजूला फिरवला. एकेक रेघ वर येत गेली. वहिनी मागं उभ्या होत्या.

दुसरी बाटली मी उघडली नाही, तो हात माझा नव्हे. छपाईसाठी फोटो गेला, पान वहिनींनी मलाच दिलं. माझ्या टेबलासमोर ते टेकवून ठेवलंय. सावली वाकडी पडली आहे, बाकाबाहेर ओघळली आहे. म्हातारीला मात्र अख्खा दिवस मिळाला. येता-जाता मी त्या पानासमोर थांबतो, आणि मला अजून वाटतं, मधू, तिथं संध्याकाळच हवी होती... पण आता हे सांगायला कुठल्या एसटीत बसू?