गोड बोलणाऱ्या शाळा

शाळा फार गोड बोलायला लागली की मी सावध होते. आधीच्या शाळेनं माझ्या मुलीला बाहेर काढलं, तेही गोड बोलूनच. "इतकी गुणी आहे हो, पण आमच्याकडे तिच्यावर अन्याय होतोय. पुढच्या वर्षीचं दुसरीकडे बघून ठेवा." अन्याय करणारेच सांगत होते, आणि वर चहा घेणार का म्हणून विचारत होते!

मुलगी आठ वर्षांची, स्वमग्न. बोलते कमी, आणि समोर येईल त्याचा आधी वास घेते. वही, भिंत, माणूस, काहीही. एप्रिल उजाडला तरी जूनमध्ये तिला जायला शाळा नव्हती. ही आता कायमची घरी बसणार, ही भीती मला दिवसरात्र छळत होती.

नवऱ्याचं ऑफिस खराडीला. त्यानं तिथलीच एक चकचकीत शाळा शोधली.

"सगळं आहे गं त्यांच्याकडे. थेरपी रूम, काउन्सेलर, लिफ्ट."

"लिफ्ट कशाला? चालते की ती!"

तरी गेलो. थेरपी रूममध्ये रंगीत चेंडू होते, झोपाळा होता. मी झोपाळ्याला हात लावला, तर त्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"मुलं कुठे आहेत?" मी विचारलं.

"आज त्यांची ॲक्टिव्हिटी आहे."

"कुठे?"

काउन्सेलर नुसत्या हसल्या. माझ्या मुलीनं वास घ्यायला त्यांच्या हाताकडे नाक नेलं, तसा त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, "सो स्वीट!" मग हळूच सॅनिटायझर चोळलं. परतताना मी मुद्दाम जिन्यानं उतरले. जिन्याखालच्या खोलीत तीन मुलं मुकाट डबा खात होती. बाकी शाळेची सुट्टी अजून व्हायची होती.

"गर्दीचा त्रास नको म्हणून त्यांना आधी सोडतो," मागोमाग उतरलेल्या काउन्सेलर म्हणाल्या.

"त्रास कुणाला?"

पुन्हा हसल्या. गाडीत नवरा वैतागला. "तू ना, देवळात गेलीस तरी पुजाऱ्याची उलटतपासणी घेशील."

"घेईनच," मी म्हणाले.

त्यानंतर मी ठरवलं, शाळा बघायची ती डब्याच्या सुट्टीत आणि न सांगता. अपॉइंटमेंट घेतली की शाळेला तोंड धुवायला वेळ मिळतो. दोन ठिकाणी वॉचमननं फाटकावरूनच परत पाठवलं. मग मुलीला घेऊन कसबा पेठेतल्या एका जुन्या शाळेत गेले. तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसल्यासुद्धा नाहीत.

"काय काम आहे?"

"शाळा बघायची आहे."

"त्यात बघायचं काय? भिंती आहेत, मुलं आहेत."

"आमच्या मुलीसारख्या मुलांना घेता का?"

"घेतो. कधी जमतं, कधी नाही जमत."

म्हणजे उद्या हात वर करायला मोकळ्या! मी मनात म्हटलं. बाईंनी मुलीकडे पाहिलं. "डबा आणलायस ना? मग जा, बस सगळ्यांबरोबर." मला मात्र दारातच थांबवलं.

वर्गात सतरंजीवर मुलं गोल करून बसली होती. श्लोक सुरू झाला तशी माझ्या मुलीनं हातांनी कान झाकून घेतले. कुणी वळूनही पाहिलं नाही. बघा, यांचं लक्षच नाही! मी लगेच नोंद घेतली. तेवढ्यात ती शेजारच्या मुलीच्या डब्यावर वाकली. नाक बटाट्याच्या भाजीला टेकायचंच बाकी होतं. शेजारीण किंचाळली.

"ए! दुसऱ्याच्या डब्यात तोंड घालायचं नाही," वर्गाच्या बाई फळ्याजवळूनच कडाडल्या. "आधी विचारायचं!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच आत घुसले. "अहो, तिला कळत नाही! ती—"

"कळत कसं नाही? आत्ता मला नाव सांगितलं तिनं. तुम्ही आधी बाहेर व्हा बघू." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "हं, विचार. वास घेऊ का?"

तिनं डब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. सगळा वर्ग हातातला घास तसाच धरून बसला. तिच्या वतीनं बोलायला माझी जीभ वळवळत होती, पण बाईंनी माझ्यावर असे डोळे वटारले की मी दारापाशी सरकले.

"वास घेऊ?" माझी मुलगी म्हणाली.

शेजारणीनं जरा विचार केला आणि डबा पुढे सरकवला. "घे. पण शिंकायचं नाही हं."

मी दाराबाहेर येऊन भिंतीला टेकले आणि मला रडूच फुटलं. आजवर माझ्या मुलीला कुठल्या शाळेत कुणी रागावलंच नव्हतं. सगळे गोड बोलायचे, कारण तिच्याकडून कुणाला काही नकोच होतं.

"रडताय कशाला?" मोठ्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "इथं रोज बोलणी खाईल ती, सगळ्यांसारखी. चालणार असेल तर जूनमध्ये पाठवा."

"चालेल काय, पळेल!" मी नाक पुसत म्हणाले.