अण्णाचा घोडा

स्मशानातून घरी आलो, आंघोळ झाली, आणि वहिनीनं अण्णाचा फोन माझ्या हातात दिला. बार्बाडोस बेटावरून शनेलचा निरोप होता : ‘अण्णा, मी जिंकले! देशाच्या संघात निवड झाली. डाव पाठवलाय, बघून सांगा, बरोबर खेळले ना?’ अण्णा, माझा थोरला भाऊ, त्या सकाळीच गेला होता. मी फोन उशीखाली सरकवला आणि दोन दिवस त्या पोरीला काहीच कळवलं नाही. भित्रेपणाच तो, दुसरं काय.

अण्णा चादरींच्या कारखान्यात डिझाइन काढायचा. आठवडाभर चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचं आणि शनिवारी संध्याकाळी खिडकीपाशी बुद्धिबळाचा पट मांडायचा. आठ वर्षांची शनेल त्याला फोनवर बुद्धिबळ खेळताना भेटली. हरल्यावर तिनं ‘का हरले?’ असं विचारलं, तेवढ्यावर हा खूश. मग सात वर्षं मोडक्या इंग्रजीत शिकवणी चालली. आम्ही टर उडवायचो. पण ती आधी बेटावरच्या मुलांना आणि मग मोठ्यांनाही हरवू लागली, तेव्हा गल्लीत पेढे अण्णानंच वाटले. तिच्या घरामागं समुद्र होता. शिकवणी संपली की ती फोन खिडकीत ठेवायची आणि अण्णा डोळे मिटून लाटा ऐकत बसायचा… बाहेर मागांचा खडखडाट आणि खोलीत समुद्र. त्यानं समुद्र कधी पाहिला नव्हता. हा आपल्या घरात राहतो की तिकडं, असं मला कधीकधी वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्याच्या मनाला लागून राहिली होती. लहानपणी आम्ही देशी पद्धतीनं खेळायचो. प्यादं पलीकडच्या टोकाला घोड्याच्या घरात पोचलं की त्याचा घोडाच व्हायचा. तरुणपणी स्पर्धेतल्या शेवटच्या डावात त्यानं सवयीनं तसा घोडा ठेवला. खरं तर स्पर्धेच्या नियमानं वजीर घेता आला असता. डाव हरला, आणि पुन्हा कधी स्पर्धेला गेला नाही. ही फजिती त्यानं शनेलला सांगितली तेव्हा मी चिडलो.

“कशाला सांगितलंस? हसंल की ती.”

“हसू दे की. वजीर तर सगळेच घेत्यात. उचलायच्या आधी एकदा घोड्याकडं बघ, म्हणलं तिला.”

तिसऱ्या दिवशी धीर करून तिचा डाव मी त्याच्या पटावर मांडला. तिचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं होतं. वजीर घेतला असता तर पुढच्याच खेळीत तिच्यावर मात होती. तिनं घोडा घेतला… आणि त्या घोड्यानं शह देऊन तिथंच मात केली. “अण्णा, बघ की रे!” मी रिकाम्या खोलीत ओरडलो आणि मग ढसाढसा रडलो.

त्याच संध्याकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “डाव बघितला त्यांनी?” खोटं बोलवलं नाही. “नाही गं. पण त्याच्या पटावर मांडलाय.”

दीड महिना झाला. पट तसाच आहे. वहिनी भोवतालची धूळ पुसते, मोहऱ्यांना हात लावत नाही. शनिवारी संध्याकाळी अण्णाचा फोन वाजतो. मी तो उचलून त्या घोड्याशेजारी ठेवतो. तिकडं शनेलनं तिचा फोन खिडकीत ठेवलेला असतो. नुसत्या लाटा ऐकू येतात.