मिस व्हर्नाडिन सभेत काय बोलल्या

न्यू ऑर्लिन्सच्या सेव्हन्थ वॉर्डातल्या आमच्या शाळेत मिस व्हर्नाडिन ओनोरे यांनी वीसएक वर्षं पहिलीला शिकवलं. मीही त्यांच्याच हाताखाली अक्षरं गिरवली आणि लग्नानंतर त्यांच्या शेजारीच घर केलं. मग ते वादळ आलं, बांध फुटले आणि वर्गांत फळ्यापर्यंत पाणी चढलं. आम्ही सगळे ह्यूस्टनला जाऊन राहिलो. न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी शिक्षकांना सरसकट नारळ दिल्याची बातमी मिस व्हर्नाडिनना तिथेच समजली, तीही टीव्हीवरून. साधा फोनसुद्धा कुणी केला नाही.

परतलो तेव्हा इमारत रंगवलेली होती, पण पाटी वेगळी होती. आता ती चार्टर शाळा होती. पैसा सरकारचाच आणि मुलांना फी नाही, पण कारभार एका बिनसरकारी मंडळाकडे. शिक्षक कोण नेमायचे, पुस्तकं कुठली, शाळा किती वाजेपर्यंत, सगळं तेच ठरवणार. बदल्यात सरकारशी पाच वर्षांचा करार. मुलं शिकली तर पुढे चालू, नाहीतर गाशा गुंडाळायचा. जागेपेक्षा मुलं जास्त झाली की चिठ्ठ्या काढायच्या. त्यामुळे गल्लीतल्या शाळेत गल्लीतलंच मूल जाईल याचा भरवसा उरला नाही. पोरं अंधारात बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागली.

"त्या दारात मी पाय ठेवणार नाही," मिस व्हर्नाडिन म्हणाल्या आणि बहिणीच्या बेकरीत कामाला लागल्या.

माझ्या लेकीचा, ड्रियाचा नंबर मात्र त्याच शाळेत लागला. एका संध्याकाळी ती त्यांच्या ओसरीवर बसून शाळेतल्या घोषणा ठेक्यात म्हणून दाखवत होती. मिस व्हर्नाडिननी बिस्किटाचा पुडा तिच्यापुढे धरला. "यावर काय लिहिलंय गं?" ड्रिया चित्राकडे बघून काहीतरी बोलली.

"रोशेल," त्या मला म्हणाल्या, "हिला ओरडता छान येतं. वाचता येत नाही."

पुढच्या सोमवारी चर्चला जायची हॅट घालून त्या नोकरी मागायला गेल्या.

मुख्याध्यापक कॉलिन मार्स्डन ओहायोचा, तिशीही न गाठलेला. त्याने त्यांचा एक तास मागे बसून पाहिला.

"मिस ओनोरे, तास छान झाला. पण मुलं मध्येमध्ये बोलत होती."

"बोलत नव्हती, उत्तरं देत होती."

"आमच्याकडे आधी हात वर करायचा असतो."

"बाळा, तुझ्या 'आमच्याकडे'पेक्षा माझ्या चपला जुन्या आहेत. घ्यायचं तर घे, नाहीतर मला बेकरीत उशीर होतोय."

तो खळखळून हसला आणि त्याने त्यांना कामावर घेतलं. पोरगा वाईट नव्हता. बस चुकलेल्या मुलांना स्वतःच्या गाडीतून आणायचा. कुणाची आई आजारी पडली की दारात हजर. पण त्याचे शिक्षक सगळे नवखे, बाहेरगावचे. दोन वर्षं राहायचे आणि निघून जायचे. मुलं गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसायला शिकली. चौथीतली कितीतरी जण अजून अडखळत वाचत होती.

कराराची मुदत संपत आली, निकाल घसरलेले होते. मार्स्डन मिस व्हर्नाडिनच्या ओसरीवर आला. "करार वाढवायचा की नाही याची सुनावणी आहे. तिथे आमच्या बाजूने बोलाल? लोक तुमचं ऐकतात."

"बोलेन. पण काय बोलायचं ते माझं मी ठरवणार."

सभागृहात आम्ही आया शाळेचे पिवळे शर्ट घालून बसलो होतो. कशीही असली तरी शाळा आमची होती. तीही गेली तर मुलांना न्यायचं कुठे? मिस व्हर्नाडिन माइकपाशी गेल्या, तेव्हा आम्ही आधीच टाळ्या वाजवल्या.

"या माणसाने मनापासून कष्ट केलेत," त्या म्हणाल्या. "तरी मुलं वाचायला शिकली नाहीत. माझ्या वर्गातलीही काही मागे राहिली. सगळं ठीक आहे असं मी सांगणार नाही."

मागून एक बाई ओरडली, "कुणाच्या बाजूने आहात हो तुम्ही?"

त्या समोरच्या सरकारी अधिकाऱ्यांकडेच बघत म्हणाल्या, "करार तुम्ही आणि मंडळाने केला. पोरांनी त्यावर सही केलेली नाही. मंडळ बदलायचं तर बदला. पण ही मुलं याच इमारतीत, याच बाकांवर राहिली पाहिजेत. पुन्हा चिठ्ठ्या काढून त्यांना गावभर उधळू नका. आणि नव्या मंडळात या वॉर्डातलं एक तरी माणूस घ्या. मागच्या वेळी आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. यावेळी विचारा."

बाहेर पडल्यावर त्यांच्याशी कुणी बोललं नाही. गाडीत ड्रियाने विचारलं, "मिस व्हर्नाडिन खोटं बोलल्या का?" मला नाही म्हणावं लागलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

अखेर शाळा दुसऱ्या मंडळाकडे गेली. मुलांच्या जागा कायम राहिल्या. जुन्या शिक्षकांना मात्र पुन्हा नव्याने मुलाखती द्याव्या लागल्या. मिस व्हर्नाडिननी दिली नाही. "एका शाळेसाठी माणसाने किती वेळा उमेदवार व्हायचं?" म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात त्या ओसरीवर वाचन घ्यायला लागल्या. पहिल्या दिवशी दोनच मुलं आली, कारण आयांचा राग शमला नव्हता. मग मार्स्डन आला. नोकरी गेली होती, ओहायोला परतायची तयारी चालली होती. हातातलं बर्फाचं सरबत वितळत असताना तो पायरीवर बसून ऐकत राहिला.

"तुम्ही आधी मला का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"दर शुक्रवारी सांगत होते. तू मला 'धन्यवाद, मिस ओनोरे' म्हणायचास."

तो ओहायोला गेला नाही. नदीपलीकडच्या एका शाळेत साधा वर्गशिक्षक झाला, आणि उन्हाळाभर ओसरीवर येऊन मोठ्या मुलांना वाचायला बसवायचा. येणारी मुलं वाढत गेली. ड्रियाही तिथेच न अडखळता वाचायला लागली.

नव्या मंडळातली वॉर्डाची जागा शेवटी माझ्या गळ्यात पडली. आधी मला त्यांचे निकालाचे तक्तेही कळायचे नाहीत. "तक्ते राहू देत," मिस व्हर्नाडिन म्हणाल्या. "वर्गात जाऊन बस आणि पोरांना वाचायला सांग." मी तेच करते. काही वर्ग चांगले आहेत, काही नाहीत. पुढच्या वसंतात या मंडळाचाही करार संपतोय आणि तो पुढे वाढवून मागायचा का, यावर मला मत द्यायचं आहे. ते मी अजून ठरवलेलं नाही. आधी चौथीत जाऊन बसणार आहे.