काहिलीतून काढलेला फोटो

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, वीस वर्षं गावच्या शर्यतीच्या होडीचं सुकाणू धरत होते आणि वीस वर्षांत त्यांचा एक धड फोटो नव्हता. मुलाचा कोल्हापुरात फोटो स्टुडिओ, आणि बापाची ही तऱ्हा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यालाही कारण होतं. श्रावणात पंचगंगेचा पूर ओसरला की शर्यती व्हायच्या. काठावरून फोटो काढला की वल्हवणाऱ्या आठ जणांच्या पाठी येत, उडालेलं पाणी येई आणि होडीच्या शेपटाला पटक्याचं टोक दिसे. ते टोक म्हणजे आमचे आबा. एका वर्षी, सत्तरच्या दशकातली गोष्ट, आबांनी जाहीर केलं की खांदा साथ देत नाही, ही शर्यत शेवटची. ती जिंकून ढाल घरी आणायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. माझ्या मनात होतं की आबांचा फोटो समोरून काढायचा, पाण्यातून.

"माझा कशाला?" आबा म्हणाले. "ढाल मिळाली की ढालीचा काढ."

पाण्यातून म्हणजे कशातून, हा प्रश्न आमच्याकडे पडत नाही. उसाचा रस कढवायची भली थोरली लोखंडी काहील पावसाळ्यात गुऱ्हाळावर रिकामीच पडलेली असते, आणि पुरात आमचं निम्मं गाव त्या काहिलीत बसूनच इकडून तिकडे जातं. शेजारचे गुळवे काका वल्हं मारायला तयार झाले. अडचण एकच होती. एवढ्या होडीवाल्याचा मुलगा असून मला पोहता येत नव्हतं. लहानपणी आबांनी मला तीनदा पाण्यात टाकलं, तिन्ही वेळा मी दगडासारखा तळाला गेलो, आणि चौथ्या वेळी आईनं त्यांना घराबाहेर काढलं.

शर्यतीच्या दिवशी शेवटच्या निशाणापाशी, होड्यांच्या वाटेपासून चांगले सात-आठ हात बाजूला आम्ही काहील धरून होतो. तोल राहावा म्हणून आम्ही समोरासमोर बसलो होतो. मी होड्यांकडे तोंड करून, काका पाठ करून. माझ्या डाव्या हाताला घाट, उजव्या हाताला मळा.

"हुबं ऱ्हाऊ नका हं," काका म्हणाले. "काहील हाय ही, तुमच्या दुकानातली खुर्ची न्हवं."

माझा कॅमेरा छातीशी धरून वरून काचेत बघायच्या प्रकारातला होता. त्या काचेत चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. हे मला झोपेतही ठाऊक होतं. पण होड्या वळणावर आल्या, आमची सगळ्यांच्या पुढे निघाली, आणि माझी अक्कल पंचगंगेत गेली.

"जवळ आल्या जणू," काका म्हणाले. "कुटल्या अंगाला सरकू?"

काचेत आमची होडी घाटाच्या बाजूनं येत होती. मी ओरडलो, "मळ्याकडं घ्या, मळ्याकडं!"

काका इमानदार माणूस. त्यांनी दोन दणकट हात मारले आणि आम्ही बरोबर होडीच्या तोंडासमोर गेलो. मी मान वर केली तेव्हा होडीचं नाक दहा हातांवर होतं. मग सुकाणू करकरलं, होडी आडवी झाली, काहील गर्रकन फिरली आणि माझं बोट आपोआप दाबलं गेलं. मागची होडी आमच्या बाजूनं निघून गेली. निशाण तिनं तोडलं.

गावानं मला काय काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबा मात्र रात्री खाली मान घालून भाकरी मोडत राहिले, आणि मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तो फोटो धुतला. आठही माना खाली होत्या. फक्त आबा ताठ उभे होते, पटका सुटलेला, तोंड उघडं, नजर थेट माझ्यावर. मला वाटलं होतं, चेहऱ्यावर संताप असेल. संताप नव्हता. महापुरात बैल सोडवायला उडी घेणाऱ्या आबांना भ्यालेलं मी त्या फोटोत पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्यानं ते स्वतःहून स्टुडिओत आले. फोटो घेऊन दाराशी उजेडात उभे राहिले.

"चुकलं माझं, आबा," मी म्हणालो.

"चुकलं की." ते फोटोवरून नजर काढेनात. "ह्यो दुकानात लावू नगंस."

"नाही लावत. हरलेल्या होडीचा फोटो कोण लावतंय?"

"हरल्यालं समद्या गावानं बघितलंय," आबा म्हणाले. "भ्यालेलं बघायला नगं कुणी." मग त्यांनी फोटो पालथा माझ्या हातात ठेवला. "उद्या सकाळी घाटावर ये."

मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. सकाळी घाटावर गेलो तर आबा आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभे होते, आणि त्यांच्या हातात पोहायला शिकताना लहान पोरांच्या पाठीला बांधतात तो पत्र्याचा रिकामा डबा होता.