मड्डमचा वाडगा आणि आमची म्हैस

नाताळच्या सुट्टीत माझ्या सुना काचेच्या भांड्यात थर लावतात. खाली चॉकलेटच्या केकचा चुरा, त्यावर घोटलेली साय, त्यावर चेरी, की पुन्हा चुरा. पंधरा मिनिटांत होतं म्हणतात, आणि होतंही. मी मात्र भांडं पुढ्यात आलं की चमच्याला हात लावण्याआधी वरची एक चेरी उचलते आणि उलटी करून बघते. "आई, किडकी नाहीये हो," असं धाकटी दर वर्षी म्हणते. मी काय बघते हे तिला तोंडी सांगायला बसले तर माझं रडू येईल आणि सगळ्यांचा सण जाईल. म्हणून लिहून ठेवते.

तळोद्याला आमचं घर बाजारामागच्या गल्लीत होतं. शेत होतं, दावणीला बैल होते, आणि परसात एक म्हैस होती. त्या म्हशीचा या हकिकतीत मोठा वाटा आहे, म्हणून तिला आधीच पुढे आणते. काळी, हट्टी, खादाड. दूध मात्र असं द्यायची की साय बोटानं गुंडाळून घ्यावी. आईला आम्ही माय म्हणायचो. माय कडक शाकाहारी. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा दबक्या आवाजात घेतलं जायचं.

गावाबाहेर मिशनचा लहानसा दवाखाना होता आणि तो चालवायची एक गोरी नर्सबाई. सगळं गाव तिला मड्डम म्हणे. युद्ध सुरू झालं त्याच्या पुढच्या वर्षी मायच्या बाळंतपणात माझी धाकटी बहीण आडवी आली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा वडिलांनी भर दुपारी दमणी जुंपली आणि मड्डमला घेऊन आले. तिनं बाह्या वर केल्या, माझ्यासकट सगळ्यांना बाहेर काढलं आणि संध्याकाळच्या आत मायही वाचली, बहीणही वाचली. त्या दिवसापासून मायच्या लेखी देवानंतर मड्डम.

त्याच वर्षीच्या नाताळला मड्डमच्या बंगल्यावरून आयाबाई एक काचेचा वाडगा घेऊन आली. आम्ही काचेचं भांडं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होतो. आरपार दिसत होतं: तपकिरी थर, पांढरा थर, मधे लाल रस, आणि वर लाल गोल फळं. मायनं वाडगा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि मग आयाबाईला हळूच विचारलं, "यामा अंडं शे का वं?"

"चार शेतस, माय," आयाबाई म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटलं नाही.

झालं. आता करायचं काय? फेकावं तर ते जीव वाचवणाऱ्या बाईच्या हातचं अन्न. दुसऱ्याला द्यावं तर त्याला बाटवल्याचं पाप. कुत्र्याला घालणं म्हणजे मड्डमचा अपमान. गाईचा तर प्रश्नच नव्हता. गाईला अंडं चारायचं म्हणजे काय! माय वाडगा घेऊन बराच वेळ उंबऱ्याशी उभी राहिली. शेवटी तिनं ठरवलं की म्हशीला चालतं. ते कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण म्हशीनं तक्रार केली नाही. घमेलं चाटून लख्ख केलं.

आमच्याकडे आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. मायनं वाडगा राखेनं घासला, धुतला, आणि त्यात करवंदांचा मुरंबा भरून पाठवला. हा मुरंबा म्हणजे मायचा मानबिंदू. उन्हाळ्यात डोंगरातल्या बाया आठवड्याच्या बाजारात करवंदांच्या पाट्या घेऊन येत. माय त्यातली अर्धी पिकलेली, गुलाबी तेवढी वेचून घ्यायची. मिठाच्या पाण्यात घालून चीक काढायची. मग बाभळीच्या काट्यानं प्रत्येक करवंदाला देठाकडून फुलीसारखी चीर द्यायची आणि काट्याच्याच टोकानं बिया उकरायची. बाकीच्या बाया करवंद नुसतं मधोमध कापत. फुली फक्त मायची. पाकात पडलं की ते लालभडक होऊन तसंच गोल राहायचं.

पुढच्या नाताळला वाडगा पुन्हा आला. माय आयाबाईला काही विचारायच्या फंदात पडली नाही. एकदा कळलं होतं, पुरे होतं. तिनं वाडगा कपाळाला लावला आणि पदराच्या टोकानं झाकून माझ्या हातात दिला. "जाय, म्हशीले घाल. आनि बोट लावू नको."

बोट लावू नको म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. मी नऊ वर्षांची होते. गोठ्यामागे कडब्याच्या गंजीशी बसले आणि आधी बोट, मग चार बोटं, मग सरळ मूठ. असलं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. कडू, गोड आणि गार, तिन्ही एकदम. वरचं लाल फळ जिभेवर आलं तेव्हा चव थोडी ओळखीची वाटली, पण विलायती म्हटल्यावर अक्कल गहाण पडते; मी मनाशी म्हटलं, त्यांच्याकडे किती भारी असतात फळं! अर्धा वाडगा संपल्यावर मला अंडं आठवलं. उरलेलं म्हशीपुढे टाकून मी देव्हाऱ्यासमोर जाऊन दोन्ही कान धरले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा खाल्लं. त्याच्या पुढच्या वर्षीही. मधे बहिणीला ताप आला की मला खात्री असायची की तो माझ्या अंड्यांमुळेच आला. पण नाताळ आला की भक्तीपेक्षा जीभ मोठी व्हायची.

मायचं दुखणं वेगळं होतं. दवाखान्यात गेली की मड्डम हसून विचारायची, "ताई, आवडलं का?" आणि माय म्हणायची, "लई गोड व्हतं, बाई." माय खोटं बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी घरी येऊन ती उगीच भांडी आपटायची, नाहीतर निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसायची. "जिनी जीव दिधा तिलेच फसाडी ऱ्हायनू मी," असं एकदा ती वडिलांना म्हणताना मी ऐकलं. वडील म्हणाले, सांगून टाक. ती म्हणाली, कुठल्या तोंडानं?

युद्ध संपलं त्या वर्षी मड्डम नाताळच्या चार दिवस आधी स्वतःच आली. उन्हाळ्याआधी ती मायदेशी जाणार होती, कायमची. म्हणाली, "ताई, या वेळी वाडगा पाठवणार नाही. तुमच्या घरी येऊन करते. सोपं आहे, तुम्ही शिकून घ्या. आणि आपण बरोबर बसून खाऊ. इतक्या वर्षांत आपण एकदाही बरोबर खाल्लं नाही."

माय हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार!  पुढचे चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. खावं तर धर्म जातो, न खावं तर पाच वर्षांचं खोटं उघडं पडतं, आणि ते अशा बाईसमोर जी आता पुन्हा भेटणार नाही. उपास आहे म्हणून सांगायचं असं तिनं आधी ठरवलं. मग रद्द केलं. आणखी एक खोटं बोलून तिला निरोप द्यायचा, हे तिच्यानं होईना. नाताळच्या दिवशी सकाळपर्यंत काय करायचं ते तिला कळलेलं नव्हतं. मायचं खोटं उघडं पडलं की त्याच्यामागे माझंही बिंग फुटणार, याची मला खात्री होती.

मड्डमला थेट चुलीपर्यंत न्यायचं धाडस त्या काळी आमच्यात नव्हतं. मायनं परसात तीन दगडांची चूल मांडली आणि ऊन छान पडतं असं कारण सांगितलं.  जोडे काढून मड्डम सरळ गोणपाटावर मांडी घालून बसली आणि टोपलीतून एकेक वस्तू काढायला लागली. माय टोपलीकडे टक लावून होती. कोकोचा डबा निघाला. साखरेची पुडी निघाली. नंदुरबारहून आणवलेली नानखटाई निघाली. काचेचा वाडगा निघाला. अंडी निघेनात.

मड्डमनं आमचंच दूध मागितलं, त्यात कोको आणि साखर घालून चुलीवर आटवत ठेवलं. दाट वास सुटला आणि इकडे दावणीला म्हशीनं मान वर केली. आधी रेकली. मग दोरीला ओढ देत, जीभ बाहेर काढून, चुलीकडे यायला बघू लागली. मायनं हाकललं, मी हाकललं. ती ढिम्म. डोळे वाडग्यावर.

"हिला काय झालं?" मड्डमनं विचारलं. "हिला हा वास कसा माहीत?"

मायनं म्हशीला हाकलायचं सोडलं. मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "बाई, मी येक डाव बी खादं नही. अंडं ऱ्हास म्हनीसन समदं या म्हशीले घालं. पाच वरीस. तुम्ही मन्हा जीव वाचाडा, आनि मी तुमनं अन्न म्हशीले..." पुढे ती रडायलाच लागली. मायला मी असं रडताना पाहिलं नव्हतं, आजार-बाळंतपणातसुद्धा नाही.

मड्डमच्या हातातली कालथी थांबली. तिनं भांडं चुलीवरून खाली उतरवलं. मग म्हणाली, "ताई, अंडं फक्त पहिल्या वर्षी होतं. तुम्ही विचारलं हे आयाबाईनं मला सांगितलं. त्यानंतर मी तुमचा वाडगा वेगळा करायचे, नानखटाईचा. तुम्हाला ती सांगेल असं मला वाटलं."

मड्डमला वाटलं आयाबाई सांगेल, आयाबाईला वाटलं मड्डमनं सांगितलं असेल, आणि माय काही पुन्हा विचारणाऱ्यातली नव्हती.

मड्डमनं मग टोपलीच्या तळातून एक बरणी काढून मायपुढे ठेवली. "आणि युद्धात चेरीचे डबे येणं बंद झालं," ती म्हणाली. मायनं बरणीत बोटं घातली, एक लाल फळ काढलं आणि उलटं केलं. देठाकडे फुली होती.

"हाई तं मन्हंच करवंद शे," माय म्हणाली.

काटा टोचून टोचून बोटं चिघळेपर्यंत तिनं केलेली ती करवंदं वर्षभर बंगल्यावर जपून ठेवलेली असायची, नाताळला तिच्याकडेच परत यायची, आणि माय ती म्हशीच्या घमेल्यात पाठवायची. माय त्या करवंदाकडे बघत राहिली. तिचा चेहरा इतका उतरला की मला राहवेना. मार पडेल हे धरूनच मी बोलले. "माय, समदं म्हशीनी नही खादं. अर्धं मी खादं. दर साल."

मी डोळे मिटून थोबाडीची वाट बघत होते. थोबाडीत बसली नाही. मायनं मला दंडाला धरून जवळ ओढलं, इतक्या जोरात की दंड दुखला, आणि मड्डमकडे वळून, पोरगी शाळेत पहिली आल्यासारखी, मोठ्यानं म्हणाली, "बाई, मन्ही पोरनी खादं! मन्ही पोरनी खादं!"

मग आम्ही थर लावले. नानखटाईचा चुरा, कोकोचं आटवलेलं दूध, त्याच म्हशीची साय, फुलीची करवंदं. तिघी एका वाडग्यातून खात होतो. माय पहिला घास घेऊन थांबली, दुसरा घेतला, आणि मग मड्डमला म्हणाली, "लई गोड शे, बाई." मड्डम मान खाली घालून खात राहिली, तिचे डोळे भरले होते. उरलेला घास मायनं स्वतः उठून म्हशीला नेऊन दिला.

मड्डम गेली त्या दिवशी मायनं वाडगा करवंदांनी भरून दमणीत तिच्या मांडीवर ठेवला. तो काही परत यायचा नव्हता.