सरडेताईंचं ‘जाते’

ऊन पडलं की सरडेताई हातातलं काम टाकून बाहेर. सरडे हे त्यांचं आडनाव नव्हे. नेदरलँड्समधल्या रायस्वाइक गावातल्या आम्हा मराठी बायकांनी ठेवलेलं नाव. उमेदीची वर्षं त्यांनी कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावर इग्वानांचा, म्हणजे रानातल्या थोराड सरड्यांचा, अभ्यास करण्यात घालवली होती. इथे ट्रामच्या थांब्यावरसुद्धा त्या आधी डावी कूस उन्हाला द्यायच्या, मग उजवी. “हसू नकोस,” मला म्हणायच्या. “इग्वाना सकाळी अंग तापवल्याशिवाय पानाला तोंड लावत नाही. ऊब नसेल तर खाल्लेलं पचतच नाही तिला.”

कुठे काय बोलावं याचा पोच मात्र बेताचाच. दिवाळीच्या फराळाला चकली मोडत त्यांनी सुरू केलं, “इग्वानाची पिल्लं मोठ्यांची लेंडकं खातात. पानं पचवणारे जिवाणू तिथूनच मिळतात त्यांना.” माझी मुलगी ओरडली, “बाह! दॅट्स सो डिस्गस्टिंग!” ताई खूश. पुढे म्हणाल्या, “बिळातून भावंडं मिळून निघतात, रात्री एकाच फांदीवर एकमेकांना बिलगून झोपतात. आई नसते ना तिथे.” एवढं बोलून त्यांनी उरलेली चकली ताटातच ठेवली.

निघताना आपण ‘येते’ म्हणतो. सरडेताई सरळ ‘जाते’ म्हणून जिना उतरायच्या. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी धसकाच घेतला. “अहो, येते म्हणावं!”

“एकदा म्हटलं होतं,” ताई चप्पल घालता घालता म्हणाल्या. “लेक पाच वर्षांची होती. सांगलीला आईकडे ठेवून कुरासावला निघाले, तेव्हा ‘येते हं’ म्हटलं. पोर रोज संध्याकाळी फाटकाशी बसायची, आईनं फोनवर सांगितलं. मी परत गेले ती दोन पावसाळे उलटल्यावर. मला बघून आजीच्या मागे लपली.”

सासूबाईंनी पुन्हा कधी त्यांना टोकलं नाही.

ती लेक, अनघा, आता आइंडहोव्हनला इंजिनिअर आहे. तिच्या जवळपास असावं म्हणूनच ताई म्हातारपणी या देशात राहिल्या. लेकीचा वाढदिवसाला मेसेज यायचा, तेवढाच. तिनं एकदा घरी यावं, चार घास खावेत, याखेरीज ताईंना काही नको होतं. “लोक म्हणतात इग्वाना अंडी घालते आणि चालती होते,” एकदा त्या तावातावानं म्हणाल्या. “कसली चालती होते! जागा शोधत वणवण करते, बोगदा खणते, अंडी घालून माती दाबते. पार खंगून जाते. तरी परत येऊन बघते, दुसऱ्या कुणी जागा उकरली तर नाही ना. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती नसते, इतकंच. पण पिल्लांना हे कोण सांगणार?”

गेल्या वसंतात त्यांचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा मीच अनघाला फोन केला. ती म्हणाली, “इग्वानाची पिल्लं कधी बाहेर येतात ते तिला पाठ होतं. माझी शाळा कधी सुटते ते नव्हतं.” डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. फोन ठेवताना ती म्हणाली, “रविवारी येते म्हणून सांगा.”

“येते म्हणाली? असंच म्हणाली?” ताईंनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. मग मागच्या खिडकीतली खुर्ची त्यांनी माझ्याकडून रस्त्याकडच्या खिडकीशी हलवून घेतली. जन्मभर उन्हाकडे तोंड करून बसलेली बाई रस्त्याकडे तोंड करून बसली. शनिवारी दुपारी त्या तिथेच गेल्या. पाठीमागे लख्ख ऊन पडलं होतं. मला आजही ते ऊन सहन होत नाही.

रविवारी अनघा आली. इथल्या रीतीप्रमाणे ताईंना घरातच ठेवलं होतं. तिनं आईच्या हाताला हात लावला आणि पटकन मागे घेतला. खुर्ची अशी रस्त्याकडे का, म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं. इग्वाना परत येऊन जागा बघते, तेही सांगितलं. फाटकाचंही.

“फाटकाचं तिला माहीत होतं?” अनघा म्हणाली. “मला वाटायचं, कुणी सांगितलंच नसेल.”

ती त्या खुर्चीत बसली. ऊन मागच्या खिडकीवरून सरकून समोरच्या घरांवर गेलं, तरी उठली नाही. जेवून जाशील का, असं मी भीत भीत विचारलं.

“थांबते,” ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले, ताईंचाच तांदूळ धुतला आणि नळ मोठा सोडून रडले.