मी खेळायला आलेय

गेमिंगच्या त्या मेळाव्याला मी एकटीच गेले. आदल्या दिवशी नवऱ्याने विचारलं होतं, "येऊ का सोबत?"

"नको. तू आलास की सगळे तुझ्याशीच बोलतील."

तो हसला, पण त्याला पटलं. आमच्या घरी वायफायवाला येतो तोही काय बिघडलंय ते नवऱ्याला विचारतो, आणि नवरा माझ्याकडे बघतो. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला राउटर कुठला आणि सेट-टॉप बॉक्स कुठला हे सांगावं लागतं. सोबत येऊन तो बिचारा काय करणार होता?

मी चाळिशीला टेकलेली बाई. राहायला मुलुंडला, नोकरी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधून रक्त काढते. आणि मी फायटिंग गेम खेळते. दोन जण समोरासमोर, लाथाबुक्क्या, ज्याची शक्ती आधी संपेल तो हरला. हे ऐकलं की लोकांना वाटतं मी मस्करी करतेय.

खेळ शिकले घाटकोपरलाच, आमच्या चाळीच्या कोपऱ्यावरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये. तेव्हा मी शाळेत होते. तिथे येणारी मी एकटीच मुलगी. मुलं हरायला लागली तसं पार्लरवाल्याने माझ्या वडलांना गाठलं, "काका, तुमची पोरगी इथे शोभत नाही." वडील गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसात शिपाई होते, मालवणी बोलायचे, कमी बोलायचे. ते पार्लरमध्ये आले तेव्हा मी खेळत होते. त्यांनी मला हात धरून ओढलं नाही. राउंड संपेपर्यंत मागे उभे राहिले. घरी जाताना जिन्यात विचारलं, "जिंकलंस काय गो?" मी मान हलवली. "मग बरां," म्हणाले. आईने मात्र दुसऱ्या दिवसापासून माझं पार्लरला जाणं बंद केलं. पुढे पहिल्या पगारातून मी स्वतःचं गेमचं मशीन घेतलं आणि परत खेळायला सुरुवात केली.

मेळावा गोरेगावच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये होता. स्पर्धेला मी ऑनलाइन नाव दिलं होतं, तिथे टोपणनाव चालतं, त्यामुळे बाई की पुरुष हे कोणाला कळायचा प्रश्न नव्हता. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे न बघताच हिरवा पट्टा पुढे केला.

"मनगटाला बांधा. पालकांची बसायची सोय डावीकडे आहे. मुलगा आत गेला का?"

"मुलगा घरी गणितं सोडवतोय. मी खेळायला आलेय."

तिने यादी बघितली, मला बघितलं, परत यादी बघितली. मग लाल पट्टा दिला. "सॉरी आंटी," म्हणाली, आणि आंटी म्हटल्याबद्दल परत सॉरी म्हणाली. तिच्यावर राग आला नाही. हॉलमध्ये शिरल्यावर बघितलं तर हिरव्या पट्ट्याच्या बायका भिंतीकडेला पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि लाल पट्ट्यावाली मला माझ्याशिवाय दुसरी कोणी दिसेना.

पहिली मॅच एका विशीतल्या पोराशी होती. अंगात टीमची जर्सी, मागे चार दोस्त. त्याने खुर्चीत बसताना विचारलं, "मॅम, आराम से खेलू क्या?"

"तुला जमेल तसं खेळ," मी म्हटलं.

पहिला राउंड हरले. हाताला घाम सुटला होता, बटणावरून बोटं सरकत होती. मागे दोस्त खिदळले. पण हरता हरता एक गोष्ट लक्षात आली. हा पोरगा उडी मारली की प्रत्येक वेळी लाथच मारतो, दुसरं काही करत नाही. पुढच्या राउंडला मी त्याच्या उडीची वाट बघत बसले. तो उडाला की खालून मारायचं, परत उडाला की परत. दुसरा राउंड घेतला. तिसरा तर त्याने चिडून आपणच घालवला.

मला वाटलं, आता हात मिळवेल. त्याने मी घरून आणलेल्या, जॉयस्टिक आणि बटणं बसवलेल्या डब्याकडे बोट केलं. "इसका स्टिक चेक करो. टर्बो लगाया होगा."

टर्बो म्हणजे एकदा बटण दाबलं की मशीनला दहादा दाबल्यासारखं वाटतं. सरळ चोरी. आजूबाजूचे वळून बघायला लागले. दाढीवाला रेफरी आला आणि म्हणाला, "मॅडम, जरा खोलून बघावं लागेल."

"सकाळपासून कोणाकोणाचं खोललंत?"

"तसं कोणाचंच नाही. पण तक्रार आली की बघावं लागतं."

"मग माझीही तक्रार आहे. त्याचंही खोला."

दोन्ही खोलले. दोन्हींत काही निघालं नाही. माझ्या डब्यातली बटणं मी स्वतः बदललेली, वायरींना वेगवेगळ्या रंगांच्या टेप लावलेल्या. रेफरीने ते दोनदा निरखून बघितलं. मी स्क्रू परत बसवत होते तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "वाद कशाला मॅडम, एक मॅच परत खेळून टाका ना. तुम्ही चांगलं खेळताच, परत जिंकाल."

"नाही खेळणार."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"मी जिंकलेय. तेवढं लिहा."

"मॅम, ईगो पे मत लो यार," तो पोरगा म्हणाला.

मी खुर्चीतून उठले नाही. पुढची जोडी येऊन उभी होती, मागे लाइन वाढत होती, आणि सगळे माझ्याकडे असे बघत होते की उशीर मीच करतेय. परत खेळले असते तर कदाचित जिंकलेही असते. पण मग तिसऱ्यांदा कोणीतरी म्हणालं असतं, आणखी एक. बाईने जिंकलेलं पहिल्यांदा मोजायचंच नाही, हा नियम मला मान्य नव्हता.

गर्दीतून एक मुलगी पुढे आली. कॉलेजची असावी, गेममधल्या योद्ध्याचा वेश करून आलेली. पुठ्ठ्याचं चिलखत घातलेलं, हातात थर्माकोलची तलवार, डोक्यावर निळा विग. "लिही ना रे," ती रेफरीला म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बघितलंय. तो हरलाय."

कोणीतरी हसलं. लाइनमधला एक जण म्हणाला, "हां भाई, लिख दे, हमको भी खेलना है." रेफरीने लिहिलं. पोरगा हात न मिळवता निघून गेला.

पुढच्या मॅचच्या आधी माइकवाल्याला माझा शोध लागला. "आणि ह्या आपल्या एकुलत्या एक लेडी प्लेअर! मॅडम, कोणी शिकवलं? मिस्टरांनी?" असं म्हणून त्याने माइक माझ्या तोंडाशी धरला.

"मिस्टरांना येत नाही," मी म्हटलं. "आणि ह्यांनाही विचारा ना, मिसेसने शिकवलं का?"

माझ्या समोर बसलेला माणूस मनापासून हसला. त्याला मी हरवलं, आणि त्याने उठून हात मिळवला.

उपांत्यपूर्व फेरीत मात्र माझी वाट लागली. समोर मानखुर्दचा एक शांत, हडकुळा पोरगा होता. त्याने आरामात खेळू का विचारलं नाही, मॅम म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. दोन्ही राउंड सरळ घेतले. मला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. मॅच संपल्यावर हेडफोन काढून म्हणाला, "तुम्ही कोपऱ्यात अडकलात की उडी मारता. दर वेळी. तिथे थांबून माझे फटके ब्लॉक केले असते, तर मला काही करता आलं नसतं."

"सकाळी मी एकाला ह्याच चुकीवर हरवलं," मी म्हटलं.

"बघितलं मी. तेव्हाच तुमचीही उडी दिसली."

दिवसभरात माझ्या खेळाबद्दल बोललेला हा पहिला माणूस. हरल्याचं वाईट वाटलं, आणि तरी मी त्याच्याशी बराच वेळ त्या कोपऱ्याबद्दल बोलत राहिले.

निघायच्या तयारीत होते तर चिलखतवाली आडवी आली. ती विलेपार्ल्याच्या कॉलेजात शिकत होती. तीही घरी हाच गेम खेळायची, पण स्पर्धेला नाव द्यायचं धाडस झालं नव्हतं. "ड्रेस घालून आले की निदान फोटो तरी काढतात," ती म्हणाली, "पण न विचारता काढतात. खेळायला बसले तर काय बोलतील कोणास ठाऊक."

"बोलतील. काय बोलतात ते तू आज ऐकलंस," मी म्हटलं. "चल, बस."

हॉलच्या टोकाला कोणीही खेळावं म्हणून काही मशीन्स मोकळी ठेवली होती. आम्ही एक पकडलं. तिने विग काढून गुडघ्यावर ठेवला, तलवार पायाशी. सुरुवातीला भीत भीत खेळली, मग मला चक्क एक राउंड हरवलं. मी उपकार म्हणून हरले नव्हते. तिचे हात जलद होते. पुढच्या स्पर्धेला दोघींनी नाव द्यायचं, आणि तोवर रविवारी माझ्या घरी सराव करायचा असं ठरलं.

मागे तीन-चार मुलं येऊन उभी राहिली. थोडा वेळ थांबून एकाने विचारलं, "आंटी, हो गया क्या?"

तिने पटकन कंट्रोलर खाली ठेवायला घेतला. मी तिचा हात थांबवला.

"नाही झालं," मी म्हटलं, आणि पुढचा राउंड लावला.